अॅडव्हान्सची वही

नागपूरच्या इतवारीत, सराफा ओळीच्या मागच्या गल्लीत, एका जिन्याखाली आमचं यात्रेचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर केदारनाथ आणि खणात लाल कापडी बांधणीची वही. वडलांच्या काळापासून तिच्यात तेच चार रकाने आहेत: नाव, गाव, सीट नंबर, जमा. पावती मागणारे आजही कमीच.

२०२० च्या मार्चमध्ये वहीत ४२ नावं होती. चारधाम, ५ मेला निघायचं. प्रत्येकाचे ७ हजार जमा, म्हणजे २ लाख ९४ हजार. एवढी रक्कम माझ्याजवळ असेल असं कोणालाही वाटेल. नव्हती. २ लाख १० हजार बडकोट, उत्तरकाशी, गुप्तकाशी आणि पिपलकोटीच्या हॉटेलवाल्यांना पोचले होते, उरलेल्यात बसला टायर घातले होते. तिकडे त्या पैशांतून हॉटेलवाल्यांनी भिंती रंगवल्या, गाद्या घेतल्या, पोऱ्यांना उचल दिली. सीझन येईस्तोवर यात्रेकरूचा रुपया चार हातांतून गेलेला असतो. धंदा सुरळीत असला की तो नेमका कोणाजवळ आहे, हे कोणी विचारत नाही.

११ मार्चला नागपुरात कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला. १७ तारखेला शिर्डीचं दर्शन बंद झालं, १८ ला वैष्णोदेवी. त्याच सुमारास ताडोबाचे दरवाजे लागले आणि शनिवार-रविवारच्या आमच्या मोहर्लीच्या फेऱ्या संपल्या. २२ चा जनता कर्फ्यू झाला, दोन दिवसांनी देशच बंद. ज्या इतवारीत सकाळी दहानंतर हातगाडीला वाट मिळत नाही, तिथे भर दुपारी कबुतरांच्या पंखांचा आवाज ऐकू यायचा.

एप्रिलमध्ये सतरंजीपुऱ्याला टिनाचे पत्रे लागले. आमचे महाराज, म्हणजे यात्रेतले आचारी, तिथेच राहतात. शेजारी रुग्ण निघाला म्हणून त्यांना घरच्यांसकट आमदार निवासात क्वारंटाइन केलं. तिथून त्यांचा फोन आला, "भाऊ, वीस वर्षं लोकाईले खाऊ घातलं, आता बसून खातो जी." मी हसलो, पण त्यांचा हिशेब मला ठाऊक होता. महाराजांना पगार नसतो, यात्रेच्या दिवसांचे पैसे असतात. एप्रिल ते जून हे तीन महिने त्यांचं वर्षभराचं धान्य भरतात. पुढे त्यांनी भाजीचा ठेला लावला. ड्रायव्हर धान्याच्या ट्रकवर गेला.

२९ एप्रिलला केदारनाथची दारं उघडली. टीव्हीवर पाहिलं, मोजकेच लोक होते. तेवढ्यात वहीतल्या उमरेडच्या काकांचा फोन आला. त्यांनीही तेच पाहिलं असावं. "पैसे बुडाले म्हणत नाही जी, पण पोराच्या कॉलेजची फी भराची हाये." मी म्हटलं, देतो. मग गुप्तकाशीला फोन लावला. तिकडचा माणूस अतिशय सभ्य: "भाईसाहब, पैसा कहाँ जाएगा, अगले साल आ जाना." त्याचंही खोटं नव्हतं. माझे पैसे त्याच्या भिंतीला लागलेले होते, ते खरवडून कसे देणार?

वडील तेव्हा ७८ चे. त्यांना १९९४ चा सुरतेचा प्लेग आठवत होता. त्या दिवाळीची द्वारका-सोमनाथची ट्रिप त्यांनी रद्द केली होती आणि चार दिवसांत सगळ्यांचे पैसे परत दिले होते. "मी देऊ शकलो, तू काऊन नाही?" असं त्यांनी विचारलं. मला राग आला, मग उत्तर सुचलं. तेव्हा मुक्काम धर्मशाळेत असायचा आणि पैसे पोचल्यावर द्यायचे. गाडीही भाड्याची. लोकांचा पैसा यात्रा सुटेपर्यंत घरच्या कपाटातच असायचा. माझ्याकडे २०१८ साली कर्जावर घेतलेली स्वतःची बस होती, आणि महिनोन् महिने आधी भरून ठेवलेल्या खोल्या. रोग दोन्ही वेळी आला. कपाट मात्र मधल्या काळात रिकामं झालं होतं.

बसच्या हप्त्यांना रिझर्व्ह बँकेने ऑगस्टअखेरपर्यंत सवलत दिली. सवलत म्हणजे हप्ता थांबला, व्याज थांबलं नाही. सहा महिन्यांचा वाहनकर माफ झाला, तेवढीच खरी सूट. बाकी उभ्या बसच्या बॅटऱ्या उतरल्या, सीटखाली उंदरांनी घर केलं.

जूनपासून दुकानं एक दिवसाआड उघडू लागली. ऑगस्टमध्ये मारबत निघाली नाही. रोगराई गावाबाहेर घालवायला निघणाऱ्या मिरवणुकीलाच रोगराईमुळे परवानगी नव्हती. त्याच महिन्यात सोनं दहा ग्रॅमला ५५ हजारांच्या वर गेलं. बायकोच्या पाटल्या घेऊन मी पन्नास पावलांवरच्या सराफाकडे गेलो. तो ओळखीचा. तराजूत ठेवून म्हणाला, "बरोबर टाइमाला आले भाऊ, असा भाव कधीच नव्हता." जगात भीती वाढली की सोनं चढतं, म्हणजे ज्या रोगाने माझा धंदा बसला त्यानेच पाटल्यांना भाव दिला. बायकोला हे समजावून सांगायची हिंमत झाली नाही. मागणाऱ्या १९ जणांचे १ लाख ३३ हजार त्यातून दिले.

नोव्हेंबरात मंदिरं उघडली. फेब्रुवारीत शिर्डीची एक बस भरलीही. मग १५ मार्च २०२१ पासून नागपूर पुन्हा बंद, आणि एप्रिल आला. त्या एप्रिलबद्दल फार लिहीत नाही. आणखी सहा जणांनी पैसे मागितले, सहाही जणांना त्याच दिवशी दिले. कोणी कशासाठी विचारलं नाही, सांगितलंही नाही.

२८ जूनला दिल्लीहून पर्यटनासाठी योजना जाहीर झाली: प्रवास कंपन्यांना १० लाखांपर्यंत, गाइडना १ लाखापर्यंत हमीचं कर्ज. पण ते पर्यटन व्यावसायिक म्हणून सरकारी मान्यता असलेल्यांना. माझ्याकडे होता दुकानाचा गुमास्ता परवाना. आणि मिळालं असतं तरी ते कर्जच. देशात आलेले परदेशी पाहुणे २०१९ मध्ये १ कोटी ९ लाख होते, २०२० मध्ये २७ लाख झाले, असे आकडे तेव्हा सगळीकडे छापून येत. भिवापूरची मावशी आयुष्यात एकदा बद्रीनाथला जायला निघते, ती कुठल्या आकड्यात बसते कोण जाणे.

२०२२ च्या मेमध्ये एकदाची चारधामला गाडी काढली. पैसे परत न मागितलेल्या जुन्या १७ पैकी १४ आले. दोघांच्या जागी त्यांची मुलं आली, एका घरी पैसे नेऊन दिले. गुप्तकाशीच्या माणसाने शब्द पाळला, माझी जमा रक्कम पैन् पै मान्य केली. फक्त खोलीचा भाव दुपटीने वाढला होता. त्या वर्षी केदारनाथला अशी गर्दी लोटली की तो म्हणेल तो भाव. डिझेलही कुठल्या कुठे गेलेलं. म्हणजे माझे पैसे परत आले, पण अर्धे होऊन.

जुन्यांना मी जुनाच दर लावला. तूट नव्या २६ जणांच्या दरात घातली. दुसरा मार्ग मला दिसला नाही, आणि हे कोणाला सांगितलंही नाही. महाराज परत आले होते, मागच्या सीटवर भांडी बांधून बसले होते. पहाटे बस निघाली. पांढुर्णा यायच्या आतच चार नंबरच्या काकूंनी शेजारणीकडे वळून विचारलं, "तुमी किती भरले जी?"

मी ड्रायव्हरला भजन मोठ्याने लावायला सांगितलं.