उठाना, उचलणे आणि रेझ

उर्दूत ‘उठाना’ या एका क्रियापदावर आमच्या मुलांचे सारे भागते. दप्तर उठाना, हात उठाना, झोपलेल्याला उठाना. मराठीच्या तासाला त्याचेच उचलणे, वर करणे, उठवणे होते. इंग्रजीच्या तासाला खरी पंचाईत. दप्तर ‘लिफ्ट’ करायचे, हात ‘रेझ’ करायचा, झेंडा ‘हॉइस्ट’ करायचा. सूर्य मात्र आपला आपण ‘राइझ’ होतो, त्याला कर्म लागत नाही. ‘उठना-उठाना’चा दाखला दिला की हा फरक मुलांना चटकन कळतो. मातृभाषेमुळे इंग्रजी अडते म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या वर्गात येऊन बसावे.

विरुद्धार्थी शब्द विचारला की वर्ग एका सुरात ‘बिठाना’ म्हणतो. हात ‘लोअर’ होतो, सूर्य ‘सेट’ होतो, भाव ‘फॉल’ होतात. हे पाठच करावे लागते. शिवाय ‘रेझ’ याच उच्चाराचा, वेगळ्या स्पेलिंगचा आणखी एक शब्द आहे. त्याचा अर्थ जमीनदोस्त करणे!

‘रेझ’ म्हणजे मूल वाढवणेही. ‘रिअर’ हा त्याचा जुना भाऊ. इथे आम्ही जरा रेंगाळतो. कारण आमच्या वस्तीत सातवी झाली की मुलीला ‘स्कूल से उठा लिया’ म्हणतात.

परवा एका मुलीने विचारले, “सर, ये वाला उठाना इंग्लिश में क्या?”

आम्ही फळ्यावर ‘विथड्रॉ’ लिहिले.

“और इसका अपोझिट?”

‘ॲडमिट’ लिहिले. तिने दोन्ही वहीत उतरवून घेतले.

संध्याकाळी तिच्या अब्बांच्या दुकानी गेलो. “सोच के बताते, सर,” म्हणाले. आठवीचा फॉर्म गल्ल्याजवळ ठेवून आलो आहोत.