सिस्टरच्या वाट्याची केमो

डेकेअरमध्ये रुग्णाला केमो ठरलेल्या दिवशी, वजन-उंचीचा हिशेब करून, मोजून दिली जाते. ते औषध तयार करणारा फार्मासिस्ट आणि ते चढवणारी सिस्टर यांच्या अंगात मात्र ते रोज, कुणी न मोजता, थोडंथोडं जाऊ शकतं. त्यांना त्याचा उपयोग काहीच नाही. केमो हाताळणाऱ्या परिचारिकांच्या लघवीत जनुकांत बदल घडवणारे अंश सापडल्याचं फिनलंडच्या संशोधकांनी १९७९ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. तेव्हापासून हा धोका नाकारायला जागा उरलेली नाही. मी विश्लेषक रसायनशास्त्रज्ञ आहे. औषध काढण्या-भरण्याच्या बंदिस्त साधनांची, म्हणजे सीएसटीडींची, गळती मोजणं हे माझं काम.

गळतीचं मूळ दाबात आहे. व्हायल काचेची, ती फुगत नाही. कोरड्या पावडरीत दहा मिली द्रावक सोडलं की तेवढ्याच हवेला बाहेर जायला वाट हवी. साधी सुई वापरली तर आत दाब साठतो आणि सुई काढताना डोळ्यांना न दिसणारा फवारा उडतो. या हवेचं काय करायचं यावरून साधनांचे दोन प्रकार पडतात. पहिल्यात ती फुग्यात किंवा सिरिंजमध्येच कोंडून ठेवतात. दुसऱ्यात ती गाळून बाहेर सोडतात.

‘मॅडम, ह्याला फिल्टर आहे ना, मग काळजी कसली?’ हा प्रश्न मला प्रत्येक प्रशिक्षणात कुणीतरी सिस्टर विचारतेच, आणि तो अगदी रास्त आहे. नेहमीच्या फिल्टरची छिद्रं ०.२ मायक्रॉनची, म्हणजे २०० नॅनोमीटरची असतात. जिवाणू आणि थेंब त्यात अडकतात. औषधाचा रेणू मात्र साधारण एक नॅनोमीटरचा. वाफ होऊन निघालेल्या रेणूला हा फिल्टर म्हणजे मैद्याला गव्हाची चाळणी. वाफ धरायची तर सक्रिय कोळशासारखं काही लागतं. सायक्लोफॉस्फामाइड हे केमोचं औषध थोडंसं का होईना, खोलीच्या तापमानालाही उडतं.

म्हणून साधन तपासताना ते कशाला बंद, थेंबाला की वाफेला, हे आधी ठरवावं लागतं. सर्वांत सोपी चाचणी फ्लुरेसीनची. व्हायलमध्ये हा चमकणारा रंग भरायचा, नेहमीसारखं काम करायचं, जोड सुटा केला की त्याचं तोंड पांढऱ्या कागदावर टेकवायचं आणि अतिनील दिव्याखाली बघायचं. थेंब यात पकडला जातो. वाफेबद्दल मात्र ही चाचणी काहीच सांगत नाही, तरी विक्रेते तिचेच फोटो पुढे करतात याची मला चीड येते.

वाफेसाठी अमेरिकेच्या नायॉश या संस्थेनं २०१५ मध्ये एका पद्धतीचा मसुदा काढला. खऱ्या औषधाऐवजी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यायचं, बंद पेटीत हातमोज्यांतून काम करायचं आणि पेटीतल्या हवेत दहा लाखांत एक भागाच्या आसपास अल्कोहोल दिसतं का ते बघायचं. वाद लगेच पेटला. अल्कोहोल सायक्लोफॉस्फामाइडपेक्षा कित्येक लाख पट जास्त उडणारं. हवा गाळणाऱ्या साधनांचे उत्पादक म्हणाले, आमची परीक्षा चुकीच्या पदार्थावर होते आहे. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. खुद्द नायॉशनंही ती पद्धत हवा कोंडणाऱ्या साधनांपुरतीच मांडली होती. २०१६ मध्ये दोन्ही प्रकारांसाठी नवा मसुदा आला. त्यात औषधांच्या जागी वापरायला नऊ पदार्थ सुचवले होते. त्यांतलं २-फेनॉक्सिइथेनॉल पुढच्या अभ्यासांत वापरलं गेलं. ते अल्कोहोलपेक्षा खूपच कमी उडतं, त्यामुळे नळीत हवा ओढून, रेणू साठवून, मग मोजावं लागतं. माझं मत स्पष्ट आहे. परीक्षा कडक वाटली तर योग्य परीक्षा सुचवावी. परीक्षाच नको, हे म्हणणं मान्य होण्यासारखं नाही.

मी कुठलाही अहवाल वाचायला घेतला की आधी नियंत्रण चाचणी शोधते. तेच काम साध्या सुई-सिरिंजनं करून उपकरणाला गळती दिसली का? तिथे दिसली नसेल, तर साधनापुढच्या ‘शून्या’ला काही अर्थ नाही. दुसरं बघते, काम कुणी केलं. प्रयोगशाळेतला सावकाश हात आणि वॉर्डमध्ये चार रुग्ण खोळंबलेले असतानाचा सिस्टरचा हात यांत फरक असतो. दट्ट्या घाईनं दाबला आणि दाब असतानाच जोड ओढला, की चांगलं साधनही थेंब टाकू शकतं. तसे हात मी चाचणीत मुद्दाम घेते.

रुग्णालयात टेबलं पुसून औषधाचे अंश मोजण्याची पद्धतही आहे आणि ती हवीच. पण कारखान्यातून येणाऱ्या व्हायलच्या बाहेरच्या बाजूला औषध लागलेलं असू शकतं, आणि त्याचा दोष साधनाला देता येत नाही. म्हणून पेटीतली चाचणी आणि टेबलावरची चाचणी एकमेकींच्या जागी चालत नाहीत.

आपल्याकडे कित्येक छोट्या रुग्णालयांत केमो अजूनही सिस्टरच मिसळते, साध्या टेबलावर. तिथे खरेदी समितीनं विक्रेत्याला चार गोष्टी लेखी विचाराव्यात: चाचणी कुठल्या पदार्थावर केली, किती कमी प्रमाण मोजता येत होतं, साध्या सुईचा आकडा किती आला, आणि चाचणीचा खर्च कुणी दिला. अमेरिकेतलं यूएसपी ८०० हे मानकसुद्धा अशा साधनाला, औषध ज्यात मिसळायचं त्या सुरक्षा कपाटाचा पर्याय मानत नाही. तेव्हा पैसे सगळ्याला पुरत नसतील, तर मी आधी कपाट आणि केमोसाठी तपासलेल्या हातमोज्यांच्या दोन जोड्या घ्यायला सांगते. साधन त्यानंतर.