खेपेला निघायच्या आधीचा अर्धा तास



गेल्या आठवड्यात आमच्या खालच्या पट्टीतल्या उसाला तोड आली. पट्टी नदीकडची, जमीन काळी, आणि शेतापासून डांबरीपर्यंत पाऊण किलोमीटर पाणंद. यंदा परतीचा पाऊस रेंगाळला, त्यामुळं पाणंद वरून वाळलेली आणि आतून ओली. काळ्या रानातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. वर पापुद्रा धरलेला असतो, माणूस आरामात चालून जातो, आणि भरलेली ट्रॉली आली की चाक आत.

ट्रॅक्टर आता पुतण्या चालवतो. हात चांगला आहे त्याचा. रोटर, सरी, पेरणी, कशालाच मला बघावं लागत नाही. पण सात-आठ टन ऊस मागं घेऊन ओल्या पाणंदीतून बाहेर पडणं हे काम वेगळं आहे. म्हणून पहिल्या दिवशी पहाटे मी बरोबर गेलो. दोघा-तिघांनी फोनवर विचारलं होतं, निघायच्या आधी नेमकं काय बघता, तर तेच लिहितो.

आधी गाडी नाही, वाट बघायची. हातात पहार घ्यायची आणि पाणंद पायी चालायची. चाकोरीत दर पंधरा-वीस पावलांवर पहार टोचायची. वीतभर जाऊन कडक लागली तर ठीक, सरसर आत गेली तर तिथं पाचट नाहीतर मुरूम. कडेचं गवत बघून फसू नका. गवताखाली कड पोखरलेली असते आणि एका बाजूचं चाक तिथं उतरलं की उंच भरलेली ट्रॉली कलंडायला वेळ लागत नाही. आमच्या पाणंदीत मधे एक मोरी आहे. अलीकडं उतार, पलीकडं चढ. पुराच्या पाण्यानं मोरीच्या पाइपाजवळची माती गेली होती. ती वरून दिसत नव्हती, खाली वाकून बघितली तेव्हा दिसली. दगड आणि मुरूम टाकून ती जागा भरून घेतली.

मग ट्रॅक्टर. ऑइल बघायचं ते गाडी सपाट जागेवर आणि बंद असताना. इंजिन आत्ताच बंद केलं असेल तर पाच-दहा मिनिटं थांबायचं, नाहीतर काडी खोटं सांगते. रेडिएटरचं पाणी इंजिन थंड असतानाच बघायचं. जाळीत उसाची पाचट आणि भुसकट अडकलेलं असतं, ते झाडून घ्यायचं. फडात फिरणारा ट्रॅक्टर गरम होतो त्याचं कारण बऱ्याच वेळा एवढंच असतं. फॅनचा पट्टा अंगठ्यानं दाबला तर अर्धा इंचभर दबावा. डिझेलच्या वाटीत पाणी साठलं असेल तर खालचा स्क्रू सैल करून सोडून द्यायचं. हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून जास्त लिहीत नाही.

चाकाच्या नटांबद्दल मात्र लिहितो. नट सैल असला तर त्याच्याभोवती तांबूस ओघळ दिसतो, नाहीतर घासून चकाकी आलेली असते. नुसत्या डोळ्यानं सापडतो तो. तरी पाना लावून बघायचाच. टायरच्या हवेचा आकडा कंपनीच्या पुस्तकात असतो, तो पंक्चरवाल्याच्या अंदाजावर सोडू नका. आणि मागच्या दोन्ही टायरला हवा सारखी पाहिजे. आम्ही मागच्या टायरमध्ये पाणी भरतो. वॉल्व्ह वर ठेवून भरलं तर साधारण पाऊण टायर भरतो आणि चाक जागेवर फिरत नाही. हवा मोजतानाही वॉल्व्ह वरच ठेवायचा.

पुढचा भाग हलका पडतो म्हणून काही जण बंपरवर दोन माणसं उभी करतात. हे मला कधीच पटलं नाही. पुढं वजनं लावायची सोय कंपनीनं दिलेली आहे, ती लावा. माणूस म्हणजे वजन नव्हे. घसरला तर सरळ चाकाखाली जातो.

ब्रेकचं सांगतो. रानात आपण दोन्ही पॅडल वेगळी ठेवतो, वळायला बरं पडतं. फडातून निघताना दोन्ही पॅडल जोडणारी पट्टी लावलीच पाहिजे. उतारावर घाईत एकाच पॅडलवर पाय पडला तर ट्रॅक्टर त्या बाजूला गर्रकन फिरतो आणि मागचा भार त्याला ढकलतो. आमच्या ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नाही, आणि आमच्या शिवारातल्या बहुतेकांच्या ट्रॉलीला नाही. मागच्या आठ टनाचा ब्रेकसुद्धा तुमच्याच पायाखाली असतो.

पुतण्यानं हे सगळं नीट केलं, मी फक्त बघत होतो. शेवटी ट्रॉली. चाकं, बेअरिंग, मागचे लाल रिफ्लेक्टर, मोळ्यांवर टाकायचा नाडा. मग मी त्याला म्हटलं, "हुक पूस." म्हणला, "आण्णा, ग्रीस हाय त्याला, कालच लावलंय." म्हटलं, "म्हणूनच पूस."

डिझेलच्या फडक्यानं दांड्याचं कडं पुसलं, तर वेल्डिंगच्या कडेनं केसासारखी तांबडी रेघ. नख फिरवलं तर नखाला लागली. चीर होती. पिन काढली, तीही मधे खाल्लेली. वरून जाड आणि जिथं कडं घासतं तिथं बारीक. ग्रीस आणि मातीच्या थराखाली हे दिसत नाही.

तोवर सात वाजून गेले होते. बीडकडची टोळी रात्रीपासून तोडत होती, निम्मा फड आडवा झाला होता. मुकादम म्हणला, "आण्णा, ऊस तोडून पडलाय. ऊन चढलं की वजन कुणाचं जाणार? तुमचंच." त्याचं काही चुकीचं नव्हतं. तोडलेला ऊस दिवसभर उन्हात पडला की वजन घटतं, साखर उतरते, आणि टोळीची मजुरीही टनावरच असते. पुतण्या म्हणला, "एक खेप निघंल आण्णा. संध्याकाळी वेल्डिंग करू."

कदाचित निघाली असती. खोटं कशाला बोलू? ती चीर त्या खेपेला उघडली असतीच असं कुणी सांगू शकत नाही. पण मी पहाटे ती वाट चालून आलो होतो. मोरीच्या पलीकडचा चढ माझ्या डोळ्यासमोर होता. ओझं सगळ्यात जास्त ओढतं ते तिथं. आणि ट्रॉली पाणंदीतून निघाली की टोळीतल्या बायका डोक्यावर वाढं घेऊन मागनं चालतात, बरोबर पोरं असतात. पाणंदीला दोन्हीकडं बांध आणि घाणेरीची झुडपं. ट्रॉली मागं आली तर पळायला जागा नाही.

मी ट्रॉली सोडवली. मुकादमाला सांगितलं, पुढची तोड दुपारपर्यंत थांबवा, आणि तोडलेल्या मोळ्या एका जागी आणून त्यावर पाचट टाका. उघड्या उसापेक्षा पाचटाखालचा ऊस कमी सुकतो. तो नाखूष होता, पण टाकलं पाचट. कडं गावात नेऊन जुनं वेल्डिंग पूर्ण काढलं. वरच्यावर थर चढवायला नको म्हणून बजावलं, कारण चिरेवर वेल्डिंग केलं तर चीर आत तशीच राहते. दोन्ही बाजूंनी जाड पट्टी जोडली. पिन नवी, टोकाला लॉकची क्लिप नवी. क्लिपऐवजी खिळा वाकवून घालणारे आपल्यात भरपूर आहेत. खडबडीत वाटेवर खिळा उडतो आणि पिन उचलून बाहेर येते. साडेतीन तास आणि साडेआठशे रुपये गेले.

दुपारी पहिली ट्रॉली काढली. पाणंदीतून एकावेळी एकच ट्रॉली काढायची, दुसरी डांबरीला आणून मग जोडायची, हे आधीच ठरलं होतं. साखळी घातली ती ट्रॅक्टरच्या खालच्या हुकालाच. वरच्या लिंकला नाहीतर मागच्या एक्सलला साखळी बांधून ओढलं तर ट्रॅक्टर पुढून उठतो आणि उलटा चालवणाऱ्याच्या अंगावर येतो. उतार लागायच्या आधीच खालचा गिअर टाकला. क्लच दाबायचा नाही, न्यूट्रल तर अजिबात नाही. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणाऱ्यांनी मागच्या भाराचा एकदा विचार करावा. मडगार्डवर कुणी नाही. टोळीला मी आधी पुढं चालायला लावलं, ट्रॉली सगळ्यात मागं. बायका हसल्या, आजवर असं कुणी सांगितलं नव्हतं म्हणल्या. पण चालल्या पुढं.

चढावर मागचं एक चाक जरा फिरलं, मग धरलं. पुतण्यानं एकदाही क्लचवर पाय ठेवला नाही, हे मी बांधावरून बघत होतो. संध्याकाळपर्यंत दोन्ही ट्रॉल्या काट्यावर. वजन थोडं कमीच भरलं, मुकादमानं ते दोनदा बोलून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. सकाळी गोठ्यात होतो तेव्हा पुतण्यानं डिझेलचं फडकं मागून नेलं. अजून दीड एकर तोड राहिली आहे. मोरीजवळचा मुरूम परत दबलाय, त्यामुळं उद्याच्या खेपेआधी तिथं एक ट्रॉली मुरूम टाकायचा आहे. आमच्या पाणंदीवरून ज्यांचा ऊस जाणार आहे त्यांनी सकाळी सहाला फावडं घेऊन यावं, चहा आमच्याकडं.