सासऱ्यांचं रिव्हॉल्व्हर

लहानपणी बीड जिल्ह्यातल्या चकलांब्यात आम्हाला बंदूक दोनच ठिकाणी दिसायची. एक जत्रेत, टिकल्यांची. दुसरी फौजदारांच्या कमरेला, चामड्याच्या म्यानात. ती बाहेर काढलेली आम्ही कधी पाहिली नाही, म्हणून तिचा दरारा जास्त. आजोबांना मात्र कशाचंच कौतुक नव्हतं. आमचा मुलूख निजामाचा. मावळतीला शेवगाव-पाथर्डीकडे सरकलं की इंग्रजी हद्द लागायची. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शनआधीचे रझाकारांचे दिवस त्यांनी काढले होते. बंदुकीचा विषय निघाला की ते उठून गोठ्यात जायचे.

पुढे बीडला कॉलेजात एनसीसीची पॉइंट टू टू रायफल हाती आली. पोटावर झोपून नेम धरताना डोक्यातली सगळी गडबड थांबते, हे तिथे कळलं. नोकरीच्या धबडग्यात ते विसरूनही गेलो.

मग सासरे गेले आणि त्यांच्या कपाटात वेब्ले मार्क फोर निघालं, पॉइंट थर्टी टूचं. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, विकून टाका. घरात नको ते." मी विकलं नाही. वारसाहक्काने परवाना मिळतो, पण अर्ज, पोलिसांची चौकशी, वारसांची ना-हरकत यांत चपला झिजतात. झिजाव्यातच. टपरीवरच्या पानाइतक्या सहज मिळावी अशी ही वस्तू नव्हे.

आता सवड मिळेल त्या रविवारी पुण्याजवळच्या एका रेंजवर ते घेऊन जातो. या जुन्या यंत्राची गंमत त्याच्या उघडण्यात आहे. अंगठ्याने खटका दाबला की ते बिजागरीवर मधोमध मोडतं, नळी खाली झुकते आणि चक्रातली चांदणी वर उसळून सहाही पुंगळ्या एकदम बाहेर टाकते. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली बायकांसाठी म्हणून काढलेलं 'निर्भीक' याच घराण्यातलं. काडतुसं मात्र आपल्या खडकीची. बुडावर 'केएफ' अशी अक्षरं असतात. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, म्हणजे माझ्या वेब्लेपेक्षाही म्हातारा.

नुसता चाप दाबला तर तो जड जातो, कारण त्याच दाबाने चक्र फिरतं आणि घोडाही उचलला जातो. घोडा आधी अंगठ्याने मागे घेतला की चाप एकदम हलका होतो. पंचवीस मीटरवर निशाण, त्यात दहाचं वर्तुळ पाच सेंटिमीटरचं, बायकांच्या बांगडीहून लहान. हात एकच वापरायचा. डोळा निशाणावर नाही, नळीच्या टोकावरच्या माशीवर ठेवायचा. निशाण धूसर दिसलं तरी चालतं. हे मनाला पटायला फार वेळ लागतो. आणि हात लबाड असतो, बार होण्याआधीच दचकतो. त्यावर आमच्या प्रशिक्षकांचा उपाय असा: ते न सांगता एका घरात रिकामी पुंगळी घालून देतात. घोडा नुसताच खट् वाजतो आणि नळी खाली गेलेली सगळ्यांना दिसते. सबब सांगायला जागाच उरत नाही.

पंचवीस मीटरवरचा सेंटर फायर हा रीतसर स्पर्धेचा प्रकार आहे. जसपाल राणाने १९९४ च्या हिरोशिमा आशियाई खेळांत त्याच प्रकारात सुवर्णपदक मिळवलं. माझं वेब्ले त्या तोडीचं नाही. ते थोडं डावीकडे मारतं आणि त्याच्या माशीला फिरवायचा स्क्रूही नाही. पण सहा बार झाले की थांबावं लागतं, पुंगळ्या काढून एकेक काडतूस बोटाने बसवावं लागतं. मला तेवढा वेळच हवा असतो.

आपल्याकडे नेमबाजीची राष्ट्रीय संघटना १९५१ साली उभी राहिली. तिचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर, लोकसभेचेही पहिले अध्यक्ष. गांधीजींच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेला हा माणूस. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही होते.

गावी गेलो की वेगळंच दिसतं. रिव्हॉल्व्हर शर्टाखालून मुद्दाम डोकावत असतं, वरातीत हवेत बार निघतो, मोबाइलवर त्याचं रील फिरतं. डिसेंबर २०२४ मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला, त्यानंतर जिल्ह्यातल्या शस्त्रपरवान्यांची छाननी सुरू झाली आणि अनेक परवाने रद्द झाले. आधीच व्हायला हवं होतं. कमरेला लावून हिंडणाऱ्यांतल्या किती जणांना पंचवीस मीटरवर काळा ठिपका तरी गाठता येईल, याची मला दाट शंका आहे.

शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार आनंदाच्या भरात बेपर्वाईने गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तेव्हा घरात आजोबांचं, सासऱ्यांचं जुनं हत्यार परवान्यासह पडून असेल तर ते लग्नात नेऊ नका. एखाद्या रविवारी रेंजवर या, माशीवर डोळा ठेवून सहा बार काढा आणि कागदावर किती लागले ते स्वतः मोजा.