पारपत्रावरचे नाव

परदेशी जाण्याची गोष्ट निघाली की आपल्या घराघरांतून प्रथम चर्चा होते ती तिकिटाच्या दराची, तिथल्या थंडीची आणि बरोबर न्यावयाच्या लोणच्याच्या बरणीची. कागदपत्रांचा विषय मागाहून येतो, आणि तोही 'ते काय, मुलगा करील सगळे' एवढ्या एका वाक्यात संपतो. परंतु वाचकहो, परमुलखाच्या दरवाजाशी उभा असलेला अधिकारी आपल्याला पहिल्याने जो प्रश्न विचारतो तो अगदी साधा असतो : तुम्ही कोण? या प्रश्नाचे उत्तर आपल्या सगळ्या कागदांवर एकसारखे असावे, इतकीच त्याची अपेक्षा असते. आणि नेमके तेच आपल्या घरांतून सहसा आढळत नाही.

मी व्यवसायाने भाषांतरकार आहे. त्यामुळे जबलपूरच्या आमच्या मोहल्ल्यात कोणाच्या मुलाने वा मुलीने आईवडिलांना परदेशी बोलाविले की ती मंडळी एक कापडी पिशवी घेऊन आमच्याकडे येतात. पिशवीत शाळा सोडल्याचा दाखला असतो, लग्नाची पिवळी पडलेली पत्रिका असते, निवृत्तिवेतनाचे कागद असतात, मतदार ओळखपत्र आणि आधार असते. 'जरा इंग्रजीत करून द्या,' असे म्हणून पिशवी माझ्यापुढे रिकामी होते. भाषांतर तासाभरात उरकते. घोडे अडते ते नावापाशी.

माणसाने आपली ओळख कागदावर सिद्ध करून मगच दुसऱ्या देशात पाऊल ठेवावे, ही रीत आपल्याला वाटते तितकी पुरातन नाही. मुंबई आणि कलकत्ता ही शहरे लोहमार्गाने प्रथम जोडली गेली ती १८७० साली, आमच्या या जबलपूरला. पुढे दोनच वर्षांनी ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाने ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या इंग्रज गृहस्थाची प्रसिद्ध कादंबरी लिहिली. त्या कथेचा नायक सुएझला उतरून आपल्या पारपत्रावर शिक्का मारून घेतो, तेव्हा तेथील ब्रिटिश वकीलच त्याला सांगतो की, या शिक्क्याची काही गरज नाही. नायकाला तो हवा असतो केवळ पैजेचा पुरावा म्हणून! पहिल्या महायुद्धाने हा मोकळेपणा संपविला. १९२० साली पॅरिसला भरलेल्या परिषदेत पारपत्राच्या पुस्तिकेचा नमुना ठरला, आणि त्याच वर्षी आपल्याकडेही पारपत्राचा कायदा झाला. स्वतंत्र भारतात १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, परदेशी जाण्याचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग होय. सरकारने मर्जीस येईल त्याला पारपत्र द्यावे आणि येणार नाही त्याला नाकारावे, असे चालणार नाही. त्यानंतर काही आठवड्यांतच आजचा पारपत्र कायदा अस्तित्वात आला.

इथे एक भेद ध्यानात ठेवावा. पारपत्र, म्हणजे पासपोर्ट, आपले सरकार देते. त्यावर आपला हक्क आहे. व्हिसा परके सरकार देते. तो त्यांच्या इच्छेचा भाग आहे. आणि व्हिसा हाती आला म्हणजे सर्व झाले, असेही नाही. अमेरिकेचा अभ्यागतांसाठीचा व्हिसा आपल्याकडील लोकांना बहुधा दहा वर्षांच्या मुदतीचा मिळतो. परंतु एका खेपेस तिथे किती दिवस राहावयाचे ते उतरल्यावर तेथील अधिकारी ठरवितो, आणि सामान्यतः ते सहा महिने असतात. 'दहा वर्षांचा व्हिसा आहे, राहू की सवडीने,' असे म्हणणाऱ्याने हे विसरू नये.

आता नावाकडे वळू. पारपत्राच्या मुख्य पानावर तळाशी दोन ओळी असतात. प्रत्येक ओळीत ४४ अक्षरांची जागा. ती यंत्राने वाचावयाची असते. त्यात आडनाव आधी, मग उरलेले नाव, आणि सर्व रोमन अक्षरांत. यंत्राला आपली बोली कळत नाही. मराठीत ज्याला आपण 'ज्ञानेश्वर' म्हणतो त्याचे रोमन स्पेलिंग आपण 'द्न्य' असा उच्चार धरून करतो. तोच मुलगा जबलपूरच्या हिंदी शाळेत गेला की गुरुजी 'ग्यानेश्वर' असे स्पेलिंग लिहितात. मराठी 'अमृता'च्या स्पेलिंगात 'रु' येतो, हिंदी 'अमृता'च्या स्पेलिंगात 'रि'. देवनागरीत दोन्ही नावे तंतोतंत एक. रोमन लिपीत दोन निराळ्या व्यक्ती! इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांना हा अनुभव नवा नसेल.

त्यात आपल्या रीतीभातींची भर पडते. नावाला जोडलेले 'राव', 'पंत', 'बाई', 'ताई' हे आदराचे शब्द एका कागदावर असतात, दुसऱ्यावर नसतात. कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी. काही जुन्या पारपत्रांत आडनावाची जागा कोरी ठेवून सगळे नाव एकाच चौकटीत लिहिलेले आढळते. अशांच्या अमेरिकन व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'एफ. एन. यू.' अशी तीन अक्षरे येतात. त्यांचा अर्थ 'पहिले नाव अज्ञात'. संयुक्त अरब अमिरातीने तर नोव्हेंबर २०२२ मध्ये असा नियम केला की, पारपत्रावर एकच शब्दाचे नाव असलेल्या प्रवाशास पर्यटक म्हणून प्रवेश मिळणार नाही. पुढे पारपत्राच्या दुसऱ्या पानावर वडिलांचे किंवा कुटुंबाचे नाव असल्यास ते चालेल, अशी सवलत देण्यात आली. परंतु दुबईला मुलाकडे निघालेल्या कित्येक आईबापांची त्या दिवसांत झोप उडाली असेल, यात शंका नाही.

गावाचेही तसेच. १९५२ साली अमरावतीस जन्मलेल्या माणसाच्या जुन्या दाखल्यावर 'मध्य प्रदेश' असे लिहिलेले असू शकते, कारण तेव्हा नागपूर हीच मध्य प्रदेशाची राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० पासून तो महाराष्ट्रात आहे. गाव जागचे हलले नाही. राज्ये मात्र बदलली.

परंतु या साऱ्यात अवघड प्रश्न असतो तो आपल्या स्त्रियांचा. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नाव लिहावयाचे, आणि माहेरच्या कुसुमने सासरची सुमती व्हावयाचे, ही चाल आपल्याकडे किती घरांतून होती हे सांगावयास नको. आमच्या शेजारच्या काकूंचे असेच झाले होते. वऱ्हाडातून १९७३ साली त्या लग्न होऊन जबलपूरला आल्या, त्या नव्या नावाने. काका फॅक्टरीतून निवृत्त झाले आणि पुढे वारले; कुटुंबनिवृत्तिवेतन, बँकेचे खाते, आधार, पारपत्र, सर्व काही सासरच्या नावावर. माहेरच्या नावाचा एकच कागद घरात उरला होता : त्यांचे मॅट्रिकचे प्रमाणपत्र.

काकूंची मुलगी अमेरिकेत. तिला पहिलेच दिवस गेलेले. तिने आईला बोलाविले आणि व्हिसाचा अर्ज भरावयास काकू, त्यांचा पुतण्या आणि मी असे तिघे बसलो. तो अर्ज मोठा चौकस असतो. आईवडिलांची नावे आणि जन्मतारखा विचारतो, अमेरिकेत कोण नातेवाईक आहेत ते विचारतो. मागील पाच वर्षांत समाजमाध्यमांवर कोणत्या नावाने वावरलात, हेही विचारतो! त्यातच एक प्रश्न असा की, तुम्ही कधी दुसरे एखादे नाव वापरले आहे काय?

पुतण्या म्हणाला, "काकू, 'नाही' लिहून टाकू. उगीच दहा प्रश्न विचारतील. त्या नावाचा आता कुठे संबंध आहे?"

त्याचा हेतू वाईट नव्हता. बाळंतपणाची तारीख जवळ येत होती, आणि मुलाखतीत काही खुसपट निघाले तर दुसरी तारीख केव्हा मिळेल याचा भरवसा नव्हता. मी काकूंना एवढेच सांगितले की, हा अर्ज सत्यप्रतिज्ञेवर भरावयाचा असतो, आणि व्हिसासाठी महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगितली तर त्या देशाचे दार कायमचे बंद होऊ शकते. काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, त्या नावाच्या मुलीने मॅट्रिक केले. मी तिचेच शिकलेले पन्नास वर्षे वापरते आहे. तिला 'नाही' कसे म्हणू?"

आम्ही 'होय' असे लिहिले आणि खालच्या चौकटीत त्यांचे माहेरचे नाव घातले. स्पेलिंग प्रमाणपत्रावर होते तसेच ठेवले.

जबलपूरहून मुंबईस जाऊन काकूंनी एके दिवशी बोटांचे ठसे दिले आणि दुसऱ्या दिवशी मुलाखत. तेथे मराठीतून बोलता येते, याने त्यांना मोठा धीर आला. कोणाकडे जाता, किती दिवस राहणार, इथे घरी कोण असते, एवढेच तीन-चार प्रश्न झाले. नावाविषयी कोणी चकार शब्द काढला नाही. व्हिसा मिळाला. मग ते नाव लिहिले नसते तरी चालले असते काय? पुतण्याचे मत अजूनही तसेच आहे. मला मात्र वाटते की, खिडकीपुढे उभ्या असलेल्या माणसाच्या मनात लपविलेले काहीच नसले म्हणजे तीन प्रश्नांची उत्तरे सरळ येतात. अमेरिकेच्या १९५२ सालच्या कायद्याप्रमाणे व्हिसा मागणारा प्रत्येक अभ्यागत हा तेथेच कायम राहावयास निघाला आहे, असे धरून चालतात. तसे नाही हे त्याने स्वतः पटवावयाचे असते. ज्याला आपला शब्द पटवावयाचा आहे, त्याने आपल्या नावापासून असत्याला सुरुवात करावी, हे कितपत शहाणपणाचे?

आता थोडे व्यवहाराचे. ज्यांची मुले परदेशी आहेत, किंवा जाण्याचा संभव आहे, त्यांनी निमंत्रणाची वाट न पाहता एक दिवस सगळे दाखले जमिनीवर ओळीने मांडावे. प्रत्येकावरचे नाव, आडनाव, जन्मतारीख, आईवडिलांची नावे एका कागदावर उतरून काढावी. जिथे एखादे अक्षर निराळे आहे तिथे खूण करावी. किरकोळ दुरुस्ती आधारात वा बँकेत सवडीने होते. नावच बदललेले असेल तर प्रतिज्ञापत्र, वृत्तपत्रातील जाहिरात, प्रसंगी राजपत्रातील प्रसिद्धी असे मार्ग आहेत, पण त्यांना वेळ लागतो. पारपत्राची मुदत पाहावी. प्रवासाच्या वेळी ती निदान सहा महिने शिल्लक असावी, असे अनेक देश म्हणतात. अमेरिकेच्या व्हिसासाठी छायाचित्र काढताना चष्मा काढून ठेवावा लागतो. युरोपातील शेंगेन देशांस निदान ३०,००० युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा लागतो. नियम बदलत असतात. म्हणून शेजाऱ्याच्या गेल्या वर्षीच्या अनुभवावर न विसंबता त्या त्या दूतावासाच्या सूचना पाहाव्या.

आणि घरात लग्न ठरले असेल, तर आणखी एक गोष्ट. लग्नानंतर मुलीने नाव बदललेच पाहिजे, असा कोणताही कायदा नाही. डिसेंबर २०१६ च्या नियमांपासून पारपत्रासाठी विवाहाचा दाखला जोडण्याचीही सक्ती राहिली नाही. नाव बदलावे की न बदलावे, हा तिचा प्रश्न आहे. पण तो तिला विचारून, विचारपूर्वक सुटावा. ताटातल्या तांदळावर काढलेली अक्षरे घटकाभरात पुसली जातात. दाखल्यावरची अक्षरे मात्र ती पुढे आई होते, आजी होते, तरी तिच्यामागे चालत राहतात.