राजूरचे पान

दिवाळीच्या सुट्टीत लोक महाबळेश्वरला जातात, गोव्याला जातात. गेल्या वर्षी मी राजूरला गेलो. यवतमाळ जिल्ह्यात वणीच्या शेजारी असलेले हे गाव सहसा कोणत्या प्रवासवर्णनात सापडायचे नाही. कोळसा आणि चुना ही इथली दोन दैवते. एक काळे, एक पांढरे.

मी काही हौसेने गेलो नव्हतो. माझा एक शाळासोबती तिकडे खाणीत सर्वेअर आहे. त्याचा अठरा वर्षांचा मुलगा तापाने गेला. पत्र पाठवून मी मोकळा झालो. जायचे मात्र आठ महिने टाळले. वीस वर्षे कॉलेजात मराठी शिकवतो, पण सांत्वनाचे एक वाक्य जुळेना! शेवटी सौभाग्यवतीनेच फराळाचा डबा हातात दिला. म्हणाली, "ते ख्रिस्ती असले म्हणून काय झालं? दुःखाच्या घरी पहिल्या सणाला फराळ बाहेरूनच जायचा."

नागपूरहून वरोरा, मग वर्धा नदी ओलांडून वणी. दुतर्फा कपाशी फुटली होती. वणी मागे पडली तशी रस्त्याकडेची झाडे कोळशाच्या धुळीने काळवंडलेली दिसू लागली.

मित्राने माझी अडचण ओळखली असावी. त्याने कपाटातून एक दगड काढला. त्यावर एका लांबट पानाचा ठसा होता. शीर न् शीर दिसत होती.

"ग्लॉसॉप्टेरिस. पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीचं," तो म्हणाला. "दलदलीतली जंगलं गाडली गेली, वर गाळाचे थर चढले आणि त्यांच्या भारानं कोळसा झाला. दख्खनचा लाव्हा पसरला तो फार नंतर, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. ही कपाशीची काळी माती त्याचीच." थोडे थांबून तो म्हणाला, "पोराच्या दफनाच्या वेळी नव्वदावं स्तोत्र वाचलं. माणूस गवतासारखा, आणि देवापुढं हजार वर्षंही कालच्या दिवसाएवढी. खाणीत उतरलो की ते मला पटतं. त्याचा हिशेब माझ्या फूटपट्टीत मावायचा नाही."

"पण पानाला आई नसते रे," मी बोलून गेलो. आणि पाहतो तो वहिनी चहा घेऊन दारात! मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

वहिनींनी शांतपणे कप ठेवले. "खरं आहे, भाऊजी. यांना दगड पाहून धीर येतो, मला नाही येत. मी देवाशी भांडते, रोज भांडते. पण सगळं त्याच्या हाती आहे असं मानते, म्हणूनच ना भांडते? नाहीतर कुणाशी भांडायचं?"

रात्री झोप येईना. नारायण वामन टिळक आठवले. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीतल्या एका अनोळखी युरोपियनाने त्यांना बायबल वाचायचा आग्रह केला. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. लक्ष्मीबाई कित्येक वर्षे दूर राहिल्या, रडल्या, संतापल्या. पुढे 1900 साली त्यांनीही तोच धर्म स्वीकारला. 1919 साली टिळक गेले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' नुकते कुठे सुरू झाले होते. ज्या बाईला धड शाळाही लाभली नव्हती, तिने ते महाकाव्य पुढे नेले. त्यातले बहुतेक अध्याय तिचे आहेत. 1895 सालच्या त्या रडणाऱ्या बाईला हे कोणी सांगितले असते, तर तिला खरे वाटले असते का? आणि वाटले असते, तरी तिचे रडणे थांबले असते का?

हे मी वर्गात दरवर्षी सांगतो. नव्वदाव्या स्तोत्राचा शेवट मात्र मला त्या रात्री प्रथम उमगला. देवाच्या अनंतत्वापासून निघालेले ते स्तोत्र अखेर एवढेच मागते, की आमच्या हातचे काम टिकू दे.

सकाळी निघताना वहिनींनी डबा परत दिला. रिकामा कसा देणार? आत चार सीताफळे होती.

"अंगणातली आहेत," त्या म्हणाल्या. "झाड त्यानंच लावलं होतं. यंदा पहिल्यांदाच धरलं."

बस वर्धा नदीच्या पुलावर येईपर्यंत मी तो डबा मांडीवरून खाली ठेवला नाही.