साडेसहा घोड्यांची फटफटी

मे महिन्यात बारा वाजून गेले की आरमोरीचा रस्ता ओसाड पडतो. वैनगंगेपल्याडची ब्रह्मपुरी तर दर उन्हाळ्यात पेपरात झळकते, पारा ४६ नाहीतर ४७. अशा उन्हात मी हवेवर थंड होणारं इंजिन चालवतो म्हटलं की पुण्या-मुंबईकडचे पाहुणे हसतात. तिथली हवा आणखी काय थंड करणार? पण इंजिनाचं गणित माणसासारखं नसतं. सिलिंडरभोवतीच्या ज्या बिडाच्या कडा असतात, मिस्त्री त्यांना फिन म्हणतात, त्या चालत्या गाडीत दीडशे अंशांच्याही पुढे तापतात. त्यांच्या मानाने आपली ४६ अंशांची झळ शंभर अंशांनी गार. ती हलती मात्र हवी. थांबलेली हवा वैरी. म्हणून रेल्वे फाटकावर आणि वरातीच्या मागे अडकलो की माझा जीव खालीवर होतो, मोकळ्या रस्त्यावर भर दुपारी होत नाही.

हवेवरच्या इंजिनाची कीर्ती जगभर केली ती फोक्सवॅगनच्या बीटलने. फर्डिनांड पोर्शने आखलेली, इंजिन मागे, रेडिएटर नाहीच. उकळायला पाणी नाही, थंडीत गोठायलाही नाही. मेक्सिकोतल्या प्युएब्लाच्या कारखान्यातून जुलै २००३ मध्ये शेवटची बीटल बाहेर पडली, तोवर एकूण आकडा २ कोटी १५ लाखांच्या पुढे गेला होता. आता तिचे काही शौकीन तिच्यात सुबारूचं इंजिन बसवतात. ताकद वाढते, पण त्या इंजिनाला पाणी लागतं; म्हणजे जन्मात रेडिएटर न पाहिलेल्या गाडीत तो कुठे कोंबायचा, इथपासून खटपट. त्यावरून शौकिनांत चांगलीच जुंपते. एक म्हणतो गाडी बाटवली, दुसरा म्हणतो गाडी जगवली.

बीटल मी चित्रातच पाहिली. आमच्याकडची हवेवरची गाडी म्हणजे बुलेट, आणि आमच्याकडे इंजिन बदलण्याचं खूळ हौसेतून आलं नाही, पेट्रोलच्या बिलातून आलं.

मामांची बुलेट १९७४ची. मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला एनफिल्ड इंडियाच्या कारखान्यात झालेली. ३४६ सीसीचं इंजिन, अठरा घोड्यांची ताकद, गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. मामांचा धंदा कोशाचा. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या पोसायच्या, पाखरांपासून राखायच्या, कोष उतरवायचे, हे काम आमच्या भागात ढिवर समाज पिढ्यान्‌पिढ्या करत आला. मामा गावोगाव हिंडून कोष गोळा करायचे. वैरागड, कुरखेडा, कधी पार कोरचीपर्यंत. कोष वजनाला हलका आणि आकारमानाला अवाढव्य, त्यामुळे पोत्यांच्या मागे मामा आणि गाडी दोन्ही दिसेनासे व्हायचे. पोतीच रस्त्याने येतायत असं वाटायचं.

१९९०मध्ये इराकने कुवेत गिळलं आणि त्याचा दणका आरमोरीच्या कोशाच्या धंद्याला बसला. पेट्रोल भडकलं. डिझेल तेव्हा पेट्रोलच्या निम्म्याहूनही स्वस्त, आणि बुलेट लिटरला तीस-पस्तीसच्या वर जायला तयार नाही. ज्याला रोज जंगलातल्या गावांत जायचं त्याने काय करावं? मामांनी पेट्रोलचं इंजिन उतरवलं आणि त्या जागी ग्रीव्ह्जचं डिझेल इंजिन चढवलं. ग्रीव्ह्ज म्हणजे १८५९पासूनची मुंबईची कंपनी; इटलीतल्या लोम्बार्दिनीच्या आराखड्यावरची ही छोटी हवेवरची इंजिनं ती औरंगाबादेत काढायची. शेतातल्या पंपाला, कामावरच्या मशिनीला, तीनचाकी टेम्पोला, जिथे पाणी भरत बसायला कुणाला सवड नाही तिथे हे इंजिन. मोटारसायकलवर बसण्यासाठी ते जन्मलेलं नव्हतंच. पण गावोगावच्या मिस्त्र्यांनी ते बसवून दाखवलं. पुढे खुद्द एनफिल्डनेही ३२५ सीसीचं तेच लोम्बार्दिनी घराण्यातलं इंजिन घालून टॉरस नावाची डिझेल बुलेट बाजारात आणली. घोडे साडेसहा. अठराचे साडेसहा! पण एका लिटरमध्ये सत्तर किलोमीटर. दूधवाल्यांनी, धान्यवाल्यांनी तिला डोक्यावर घेतलं. जगातल्या मोजक्याच कंपन्यांनी डिझेलची दुचाकी रीतसर विकली, त्यांत ही एक, याचं कौतुक आपल्याकडे फारसं कुणी केलं नाही. प्रदूषणाचे नियम आवळत गेले तशी ती बंद झाली.

मामा गेल्यावर गाडी त्यांच्या नदीकाठच्या गावी पडवीत उभी होती. २०२०च्या ऑगस्टअखेर गोसीखुर्दचे सगळे ३३ दरवाजे उघडले आणि वैनगंगा ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरीच्या गावांत शिरली. पाणी ओसरलं तेव्हा गाडी टाकीपर्यंत गाळात होती. भंगारवाला किलोचा भाव सांगून गेला. मी ती बैलगाडीने आरमोरीला आणली.

पुराचा गाळ वाळला की सिमेंटच्या तोंडात मारतो. फिनच्या फटींतून तो काढायला लोखंडी काडी घालता येत नाही, बीड चरतं, टवका उडतो. आमच्या मिस्त्रींनी बांबूच्या कामट्या तासून दिल्या. एकेक फट, वरून खाली, मग बाजूने. आधी करडी पूड, मग तेलकट काळा थर, आणि त्याच्याही खाली बिडाचा खरखरीत निळसर रंग. काही फटींत कोशाचे तंतू निघाले, तेलात भिजून दोरीसारखे झालेले. मामांच्या वेळचे असणार. फिन झाकणारा असा थर इंजिनाला आतून भाजत राहतो, बाहेरून काही कळत नाही. पाण्यावरच्या इंजिनात काटा चढतो, वाफ निघते, ते आरडाओरडा करतं. हवेवरचं इंजिन मुकाट सोसतं आणि एक दिवस जाम होतं. त्यामुळे त्याच्या मालकाला स्वच्छतेची सवय लागते, किंवा मग तो मालक राहत नाही.

आत पाणी शिरलंच होतं. रिंगा गंजून सिलिंडरला चिकटलेल्या. ब्रह्मपुरीच्या लेथवाल्याने बोअर वाढवून दिलं, त्या मापाचा पिस्टन नागपूरहून आला. नोझलही नागपूरलाच तपासून आणलं. डिझेलला ठिणगी लागत नाही. हवाच सतरा-अठरा पट दाबायची, ती पाचशे अंशांच्या पुढे तापते, आणि त्यात डिझेलचा फवारा सोडला की ते आपोआप पेटतं. म्हणून सगळी मदार फवाऱ्यावर. नोझल चांगलं असेल तर धुकं सुटतं, बिघडलेलं असेल तर पिचकारी. तपासणाऱ्याने मशिनीवर लावून हँडल दाबलं, कर्र आवाज झाला, काचेवर धुकं बसलं. "झालं, घेऊन जा," म्हणाला.

नागपूरला गेलो तो आणखी एका कामात अडकलो. जुन्या गाड्यांच्या एका जाणकारांनी गाडीचा फोटो पाहिला आणि कळवळून म्हणाले, "अरे, चौऱ्याहत्तरची बुलेट! तिचं हे काय करून ठेवलंय? मूळ इंजिन शोधा, मी मिळवून देतो. ओरिजिनल करा." मनापासून सांगत होते. आणि कायदाही त्यांच्याच बाजूचा. २०२१मध्ये केंद्राने विंटेज वाहनांचे नियम आणले: पन्नास वर्षं पूर्ण झालेली गाडी, नंबरात 'व्हीए' अशी वेगळी अक्षरं, नव्या नोंदणीला २० हजार रुपये, दहा वर्षांची मुदत. अट एकच कडक. गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार चालणार नाही. रोजच्या वापराला रस्त्यावर काढायची नाही ती वेगळीच.

म्हणजे मामांची गाडी पन्नाशी ओलांडूनही वारसा नाही. डिझेल उतरवून कुठल्यातरी तिसऱ्याच बुलेटचं पेट्रोल इंजिन आणून घातलं, तर कदाचित वारसा. मला हे पटत नाही. मूळ म्हणजे कारखान्याच्या दारातून निघाली तो दिवस, असं कुणी ठरवलं? पेट्रोलवर ती सोळा-सतरा वर्षं चालली, डिझेलवर त्याहून जास्त. तिच्या पाठीवरून जे कोष गेले, ज्या बाळंतिणी वडशाच्या दवाखान्यात पोचल्या, जी पोरं दिवाळीनंतरच्या मंडईत रात्रभर झाडीपट्टीची नाटकं पाहून पहाटे घरी आली, ते बहुतेक सगळं या साडेसहा घोड्यांनी ओढलं. जुनी गाडी पूर्ववत करायची म्हणजे कुठल्यातरी एका सालात नेऊन उभी करायची. मला १९७४ नको. त्या सालची मामांची गाडी मी पाहिलेलीच नाही.

आणि ती प्लेट. इंजिन एका घराण्याचं, गिअरबॉक्स दुसऱ्याच. दोघांची भोकं जुळत नाहीत, म्हणून मध्ये लोखंडाची जाड प्लेट घालतात. फाउंडेशनची ही प्लेट खोलली तेव्हा ती हाती कापलेली निघाली. कडेला कानशीचे तिरपे ओरखडे अजून तसेच. एका भोकाशी पंचने मारलेले दोन ठिपके, आधीचा चुकला म्हणून शेजारी दुसरा. खालच्या बोल्टला चकती कमी पडली असावी, तिथे जुन्या नाण्याला भोक पाडून बसवलेलं. हे कुणी केलं, मामांनी कधी सांगितलं नाही. कारखान्यात ठोकलेला चासी नंबर कुणीही वाचून घ्यावा. या प्लेटवर एका माणसाची अख्खी दुपार दिसते. मिस्त्रींनी ती रॉकेलने धुतली, उन्हाकडे धरून सरळ आहे का पाहिली आणि म्हणाले, "काहाले बदलवता भाऊ? आपल्याच्यानं अशी बनन नाही आता." नाण्यासकट तीच परत बसवली.

कागदांचं मात्र सोपं नव्हतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे इंजिन बदललं तर आरसीवर नोंद लागते. मामा कारभारी माणूस, त्यांनी ती तेव्हाच करून ठेवली होती, इंधनाच्या रकान्यात डिझेल. दर पाच वर्षांनी गाडी दाखवायची आणि पर्यावरण कर भरायचा. आरटीओतले साहेब गाडीभोवती फेरी मारतात, आरसी पुन्हा वाचतात, पुन्हा फेरी मारतात.

चालवायला ती गमतीची आहे आणि थोडी शिक्षाही. किक मारण्याआधी हेडवरचा छोटा दांडा उचलायचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहून दाब निघून जातो. मग किकने इंजिनाला गती द्यायची आणि ऐन वेळी दांडा सोडायचा. वेळ साधली तर काळ्या धुराचा भपका आणि ठाण ठाण ठाण. नाही साधली तर किक उलटते, पिंडरीला विचारा. आरसे चाळिशीच्या पुढे काहीच दाखवत नाहीत, सगळं थरथरतं. पन्नास-पंचावन्नच्या वर ती जात नाही आणि न्यायचीही नाही. वैरागडच्या रस्त्याला लागलं, गाव मागे पडलं, दोन्हीकडून साग आणि मोह दाटून आले की हा वेग बरोबर वाटायला लागतो. मार्चमध्ये त्या रस्त्याला मोहफुलांचा वास असतो, गोडसर, डोक्यात चढणारा, आणि त्यात आपला डिझेलचा धूर मिसळला की काय होतं ते सांगून कळायचं नाही. मोहफुलं वेचणाऱ्या बाया लांबूनच आवाज ओळखतात. "मामाजीची गाडी आली व," म्हणतात. मामाजी जाऊन वर्षं झाली.

अलीकडे या जंगलात वाघ वाढलेत, २०२१पासून छत्तीसगडकडून हत्तींचा कळपही येऊन राहिलाय. दिवस मावळायच्या आत लोक घरं गाठतात. मिस्त्रींचं म्हणणं, या गाडीला वाघाचं भय नाही, एक किलोमीटरवरून त्याला कळतं. मी या शास्त्राची परीक्षा घेत नाही, पाचच्या आत परततो.

हिशेबाने पाहिलं तर ही गाडी ठेवण्यात आता काही राम नाही. ऑक्टोबर २०१४मध्ये सरकारने डिझेलच्या भावावरचा हात काढला, तोवर पेट्रोलमधलं आणि त्यातलं अंतर आटत आटत दहा-पंधरा रुपयांवर आलं होतं. ज्या कारणासाठी मामांनी इंजिन बदललं ते कारणच गेलं, इंजिन तेवढं राहिलं.

परवा पंपावर उभा राहिलो तर नवा पोरगा पेट्रोलची नळी घेऊन टाकीपाशी आला. "डिझेल," मी ओरडलो. इंजिन चालू होतं, त्याला ऐकू गेलं नाही. पुन्हा ओरडलो. तो माझ्याकडे बघत राहिला, मग टाकीवरच्या बुलेटच्या नावाकडे. "बुलेटमधी डिझेल? गाडी खराब होते भाऊ." बाजूच्या टमटमवाल्याने त्याला समजावलं. पोराने नळी बदलली, पण पंपाचा नियम तर पाळायचा होता. "आधी गाडी बंद करा ना जी!" आता या इंजिनाला ठिणगी नाही, म्हणून किल्लीशी त्याचा काही संबंधही नाही; किल्ली फक्त दिव्यांची. बंद करायचं तर डिझेलचा खटका ओढावा लागतो. ते सांगायला मी तोंड उघडलं, तोवर पोराने स्वतःच पुढे होऊन किल्ली फिरवली, काढली, मुठीत घेतली आणि इंजिन तसंच ठणठणत असलेलं पाहून दोन पावलं मागे सरला. "हे का हाय गा?"